लिलिथ, लमाश्तू आणि बाळंतिणीची खोली

ओलीमाती

लिलिथ हे नाव आता सगळीकडे भेटतं: गेममध्ये, वेबमालिकांत, राशिभविष्याच्या अॅपवर. आदमची पहिली बायको, नवऱ्याच्या खाली झोपायला नाही म्हणाली आणि एदेनबागेतून उडून गेली, एवढी तिची ओळख. गोष्ट जबरदस्त आहे, यात शंका नाही. पण ती लिहिली जाण्याआधी कित्येक शतकं लोक या बाईला घाबरत होते आणि त्या भीतीचा आदमशी काही संबंध नव्हता. भीती होती बाळंतिणीच्या खोलीत. त्या खोलीबद्दल मराठीत माझ्या वाचनात फारसं आलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

लिलिथच्या आधी लमाश्तू. आजच्या इराकमध्ये सापडलेल्या अक्कादी भाषेतल्या मातीच्या पाट्यांवर तिच्याविरुद्धचे मंत्र आहेत. ती आकाशदेव अनूची मुलगी. मेसोपोटेमियातली बाकीची पिशाच्चं बहुधा देवांच्या हुकमाने रोगराई घेऊन येतात. हिला कुणी धाडलेलं नाही, ती आपल्या मर्जीने येते. म्हणून बापाने तिला स्वर्गातून हाकललं. तोंड सिंहिणीचं, दात गाढवाचे, पाय शिकारी पक्ष्याचे, दोन्ही हातांत साप. एका स्तनाला डुकराचं पिल्लू लागलेलं, दुसऱ्याला कुत्र्याचं. गर्भार बाईच्या पोटाला ती सात वेळा हात लावते आणि मूल ओढून काढते. जन्मलेल्या मुलांच्या घरी जाऊन म्हणते, आणा इकडे, मी पाजते. या मंत्रांमधली मला सर्वांत भयंकर वाटलेली गोष्ट हीच आहे. नखं, दात, साप हे सगळं दिसतं तरी. पाजायला मागणारी बाई ओळखायची कशी?

उपाय काय करायचे, ते तितकंच लक्ष देण्यासारखं आहे. लूव्र संग्रहालयात असिरियन काळातली एक काशाची पाटी आहे. तिच्या मागच्या बाजूला पझुझू कोरलाय, तोही दुष्ट वाऱ्यांचा राजा, पंखवाला, अक्राळविक्राळ. त्याचं डोकं पाटीच्या वरच्या कडेवरून पुढे डोकावतं. पुढच्या बाजूला वर देवांची चिन्हं, मग प्राण्यांच्या तोंडाची सात पिशाच्चं, मग पलंगावर पडलेला आजारी माणूस आणि अगदी खाली लमाश्तू. गाढवावर गुडघा टेकलेली, गाढव नावेत, नाव नदीत. तिला परत पाठवलं जातंय. गर्भार बायका गळ्यात पझुझूचं छोटं मुंडकं घालत ते एवढ्यासाठीच: एका पिशाच्चाला दुसऱ्याचा धाक.

विधींच्या पाट्यांत लमाश्तूची मातीची मूर्ती करायला सांगितली आहे. तिला खायला द्यायचं, प्रवासाची शिदोरी बांधायची, कंगवा, टकळी, तेलाची कुपी असं बाईमाणसाला लागणारं सामान द्यायचं आणि मग वस्तीबाहेर रवाना करायचं. तिला ठार मारत नाहीत. सामानसुमान देऊन, समजूत घालून घालवतात. हा धागा पुढे ज्यू परंपरेतही दिसतो, म्हणून इथे थांबून सांगितलं.

लमाश्तूच्या बरोबरीने अक्कादी मंत्रांत आणखी एक कुळी येते: लिलू, लिलीतू आणि अर्दत-लिली. नावांवरून नातं कळतंच. यातली अर्दत-लिली म्हणजे लग्नाआधीच मेलेली मुलगी. मंत्रात तिचं वर्णन करताना दूषणं कमी आणि हळहळ जास्त आहे. बाकीच्या मुलींबरोबर ती सणाला मिरवली नाही, नवऱ्याने तिचं वस्त्र सोडलं नाही, तिच्या छातीत दूध आलं नाही. आता ती खिडकीतून वाऱ्यासारखी शिरते आणि तरुण पुरुषाला धरते. तिला घालवणाऱ्या मांत्रिकालाही तिची दया आली असावी, असं मला ते वाचताना वाटतं.

आता लिलिथ. हिब्रू बायबलमध्ये ती एकदाच येते: यशया ३४:१४. एदोम देश उजाड होईल, तिथे रानटी जनावरं फिरतील आणि लिलिथला विसावा मिळेल, इतकंच. ना आदम, ना बाग. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या गुंडाळ्यांतल्या एका स्तोत्रात दुष्ट शक्तींच्या यादीत तिचं नाव आहे. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) चर्चांच्या ग्रंथात, ती चार-पाच ठिकाणी येते आणि प्रत्येक वेळी ओझरती: तिला पंख आहेत (निद्दा २४ब), केस लांब आहेत (एरुविन १००ब), घरात एकट्याने झोपणाऱ्याला ती धरते (शब्बात १५१ब). तालमूदच्या रब्बींना ती आदमची बायको असल्याचं ठाऊक नाही. आदम हव्वेपासून १३० वर्षं वेगळा राहिला, त्या काळात त्याच्यापासून भुतंखेतं जन्मली, असं एक मत तिथे आहे. पण त्यांच्या आईचं नाव दिलेलं नाही.

ज्या काळात बाबिलोनचा तालमूद आकार घेत होता, त्याच काळातले, त्याच प्रदेशातले मातीचे वाडगे सापडले आहेत. इसवी सनाच्या पाचव्या ते सातव्या शतकांच्या आसपासचे. आतल्या बाजूला काठापासून तळापर्यंत गोल गोल फिरत जाणारा अरामी मजकूर, कधी मधोमध बेड्या घातलेल्या पिशाच्चाचं चित्र. हे वाडगे उंबऱ्याखाली किंवा खोलीच्या कोपऱ्यात पालथे पुरायचे. निप्पूर इथल्या वाडग्यांचं वाचन जेम्स माँटगोमेरी यांनी १९१३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातर्फे छापलं आणि मग त्यातल्या लिलिथा जगासमोर आल्या. हो, अनेकवचनी. बायकांना छळणारे लिली आणि पुरुषांना छळणाऱ्या लिलिथा, उघड्यावाघड्या, केस मोकळे सोडलेल्या.

आणि या वाडग्यांवर काय लिहिलंय? घटस्फोट. ज्यू कायद्यात नवऱ्याने बायकोला लेखी काडीमोड द्यायचा असतो, त्याला गेत म्हणतात. घरात शिरलेली लिलिथ त्या घरातल्या माणसाशी संसार करू पाहते असं मानलं, तर तिला घालवायचा कायदेशीर मार्ग काय? तिला गेत द्यायचा. येहोशुआ बार पेराखिया या जुन्या रब्बींच्या नावाने हा काडीमोड लिहिलाय: समुद्रापलीकडून तुझा गेत आला आहे, तो घे, या घरातून नीघ, पुन्हा फिरकू नकोस. घरातल्या माणसांची नावं त्यांच्या आईच्या नावाने दिलेली आहेत, अमुक बाईचा मुलगा, तमुक बाईची मुलगी. गिऱ्हाइकं फक्त ज्यू नव्हती. कितीतरी नावं इराणी आहेत.

आदमच्या बायकोची गोष्ट यानंतरची. ती 'बेन सिराची अक्षरमाला' या ग्रंथात येते, साधारण आठव्या ते दहाव्या शतकातल्या. ग्रंथ बराचसा चेष्टेखोर आहे. पण त्यातली ही गोष्ट सांगितली जाते कुठल्या प्रसंगी, ते बघा. नेबुखद्नेस्सर राजाचा मुलगा आजारी पडतो आणि बेन सिरा त्याच्यासाठी ताईत लिहितो. राजा विचारतो, ही तीन नावं कुणाची? मग तो सांगतो: सेनोय, सानसेनोय, सेमांगेलोफ हे तीन देवदूत पळून गेलेल्या लिलिथला शोधायला गेले. पुढे ज्या समुद्रात मिसरी सैन्य बुडणार होतं, तिथे ती सापडली. परत यायला ती नाही म्हणाली. माझी निर्मितीच बाळांना दुबळं करण्यासाठी झाली आहे, मुलगा असेल तर आठ दिवस, मुलगी असेल तर वीस दिवस माझी सत्ता. पण तुमची नावं किंवा चित्रं जिथे दिसतील तिथल्या बाळाला हात लावणार नाही, अशी तिने शपथ घेतली. तिची स्वतःची शंभर पोरं रोज मरतील हेही तिने कबूल केलं. म्हणजे लोक जिला बंडाची कथा म्हणतात, तिच्यातसुद्धा बंड चार ओळींत संपतं. बाकी सगळी गोष्ट ताईत का चालतो हे सांगण्यासाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या परंपरेत राक्षशिणीचा वध करणारा वीर फारसा नाही. तिला कागदोपत्री बांधतात. शपथ, करार, काडीमोड, नाव. आणि हे सगळं कशासाठी, तर पाळण्यातलं मूल सकाळी जिवंत सापडावं म्हणून. तुमचं वाचन काय सांगतं?

कुतूहल

फार सुंदर लिहिलंय. दोन शंका. मी ऐकलं होतं की लिलिथ बायबलमध्ये होती आणि नंतर चर्चने काढून टाकली. उत्पत्तीच्या पुस्तकात माणूस दोनदा निर्माण होतो, त्यातली पहिली बाई म्हणजे ती, असं. दुसरं, ती गिल्गमेशच्या महाकाव्यातही आहे ना? आणि तो पंखवाल्या बाईचा प्रसिद्ध शिल्पपट?

ओलीमाती

काढून टाकली याला कसलाही आधार नाही. हिब्रू बायबल ज्यूंनी जपलं, चर्चच्या हातात ते जायच्या आधीपासून. कुमरानच्या गुंडाळ्या चर्चच्याही आधीच्या, त्यांतही अशी कथा नाही. मात्र उत्पत्तीत दोन वेगवेगळे वृत्तांत आहेत हे खरं. पहिल्या अध्यायात स्त्री-पुरुष एकदम निर्माण होतात, दुसऱ्यात हव्वा आदमच्या बरगडीतून. ही फट रब्बींना फार पूर्वी दिसली होती आणि ती बुजवायला त्यांनी निरनिराळी उत्तरं शोधली. एका उत्तरात पहिला मानव पाठीला पाठ चिकटलेला, दोन तोंडांचा होता. लिलिथ हे त्यातलं उशिरा आलेलं उत्तर.

गिल्गमेशबद्दल उत्खनन सांगतील, त्यांचा तो विषय आहे.

उत्खनन

सांगतो. ती कविता महाकाव्यापेक्षा जुनी आणि वेगळी, सुमेरी भाषेतली आहे: गिल्गमेश, एन्किदू आणि पाताळ. फरात नदीच्या काठचं उन्मळलेलं झाड इनन्ना देवी उरूकमध्ये आणून लावते. त्याचं सिंहासन आणि पलंग करायचा तिचा बेत असतो. पण मुळाशी साप बसतो, फांद्यांत अंझू पक्षी, खोडात एक स्त्री-पिशाच्च. गिल्गमेश सापाला मारतो, पक्षी पिल्लांसह डोंगराकडे उडून जातो, खोडातली बाई आपलं घर मोडून रानात पळते. १९३८ साली सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी तिच्या नावाच्या जागी सरळ लिलिथ असं छापलं आणि ते रूढ झालं. आज बरेच अभ्यासक तेवढी उडी मारत नाहीत. ती कुणाचं मूल मारत नाही, कुणा पुरुषाला धरत नाही. झाडात हसत बसलेली असते, इतकंच तिच्याबद्दल कळतं.

तो शिल्पपट म्हणजे बर्नी रिलीफ. साधारण अर्धा मीटर उंच, भाजक्या मातीचा, इसवी सनापूर्वी १८०० च्या आसपासचा. नग्न, पंखवाली, पक्ष्याचे पाय, दोन सिंहांवर उभी, बाजूला घुबडं. १९३० च्या दशकात तो लिलिथ म्हणून गाजला. पण तिच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट आहे आणि हातांत दंड-वलय. मेसोपोटेमियाच्या कलेत ही देवतेची लक्षणं. पिशाच्चाला असा मान कुणी दिला नसता. त्यामुळे आता इश्तार किंवा पाताळाची राणी एरेश्कीगल, यांच्यावर वाद चालतो. ब्रिटिश म्युझियमने तो २००३ साली १५ लाख पौंडांना घेतला आणि रात्रीची राणी असं सावध नाव दिलं. लिलिथवरच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मात्र अजून तोच असतो.

वाडग्यांबद्दल एक भर. निप्पूरला ते घरांच्या अवशेषांत, जागच्या जागी सापडले हे फार महत्त्वाचं. नंतर बाजारात आलेल्या शेकडो वाडग्यांचं मूळ ठिकाण कळत नाही, आणि ते कळलं नाही की कोणत्या खोलीत, कोणत्या उंबऱ्याखाली पुरला होता हेच हरवतं. या विषयात सर्वांत जास्त नुकसान चोरट्या खोदकामाने केलंय.

रानजाई

लेख आवडला, पण शेवटच्या भागाशी मी सहमत नाही. "बंड चार ओळींत संपतं" म्हणून ते लहान होत नाही. दोघंही एकाच मातीचे, मग मी खाली का, असा प्रश्न एका बाईच्या तोंडी घातला गेला. लेखकाने चेष्टेत घातला असेल, पण प्रश्न चेष्टेचा नाही. ज्यू स्त्रियांनीच तो उचलला. ज्युडिथ प्लॅस्को यांनी १९७२ मध्ये लिलिथ आणि हव्वा भिंतीपलीकडून एकमेकींना भेटतात अशी नवी कथा लिहिली. १९७६ मध्ये न्यू यॉर्कला ज्यू स्त्रीवाद्यांचं 'लिलिथ' नियतकालिक सुरू झालं. हा सगळा इंटरनेटचा उथळपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही. आपापल्या परंपरेतल्या हाकललेल्या बायकांना परत बोलावण्याचा हक्क त्या परंपरेतल्या बायकांना नाही तर कुणाला?

ओलीमाती

रानजाई, हक्काबद्दल आपल्यात वाद नाही. प्लॅस्को यांची कथा मला मोलाची वाटते, कारण आपण नवीन रचतो आहोत हे त्यांनी उघड सांगितलं. माझी तक्रार वेगळी आहे. लिलिथला मुक्तीचं प्रतीक केलं की जिच्या उशाशी ताईत टांगला होता ती बाई चित्रातून निघून जाते. तिने लिलिथचा तिरस्कार पुरुषसत्तेच्या सांगण्यावरून केला असं आपण फार सहज म्हणतो. तिची तीन मुलं गेलेली असायची. तिची भीती तिची स्वतःची होती.

रानजाई

मान्य आहे की ती बाई राहून जाते. पण मूल मेलं की दोष घालायला एक बाईच का लागते, हेही विचारायला हवं. लमाश्तू, लिलिथ, ग्रीकांची गेल्लो, सगळ्या बायका, आणि बहुतेक अशा बायका ज्यांना मूल नाही किंवा ज्यांची मुलं गेली.

ओलीमाती

हा प्रश्न खरा आहे. अर्दत-लिलीच्या मंत्रात तर तो उघडाच पडतो: जिला संसार मिळाला नाही तीच संसार मोडायला येते. समाजात एकटी, निपुत्रिक, लग्नाविना राहिलेली बाई दिसली की आसपासच्यांच्या मनात काय येत असेल, त्याचा हा लेखी पुरावाच म्हणायचा. यावर माझ्याकडे तुम्हाला विरोध नाही.

पाऊलवाट

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून त्या आठ दिवसांवर थांबलो. धार्मिक दृष्टीने आठवा दिवस सुंतेचा, मुलगा त्या दिवशी देवाशी असलेल्या करारात येतो, म्हणून त्याच्यापुरती लिलिथची मुदत संपते. ते ठीकच. पण नवजात अर्भकाचा धनुर्वात, नाळ अस्वच्छ हत्याराने कापली किंवा तिच्यावर माती-शेण लावलं तर होणारा, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसतो आणि त्यातही पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. जन्मल्यावर दोन-तीन दिवस छान पिणारं बाळ अचानक तोंड उघडेनासं होतं, चोखत नाही, अंग ताठ होतं, चेहऱ्यावर हसल्यासारखा ताण येतो. कुणीतरी अदृश्य येऊन गेलं असं आईला वाटलं तर नवल नाही. बाळंतज्वरही त्याच दिवसांतला, त्यात आई जाते. भारतात माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं, म्हणजे काल-परवाची गोष्ट. त्या पिढीतल्या सुइणी आणि परिचारिका मी पाहिल्या आहेत. हे आजार पाहिलेल्या माणसाला लमाश्तूचे मंत्र परके वाटत नाहीत.

कथेतले आठ दिवस या आजारामुळेच आले असं मी म्हणणार नाही. पण ज्या दिवसांवर पहारा होता, ते दिवस खरोखरच धोक्याचे होते.

नवगावची_लेक

हा धागा माझ्या मामेबहिणीने पाठवला. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, माहेर अलिबागकडचं, आता इस्रायलमध्ये लोदला असते. आमच्या घरी लिलिथचं नाव लहानपणी कधी ऐकलं नाही. ते इथे आल्यावर कळलं, मोरोक्कोच्या आणि इराकच्या शेजारणींकडून. इथे बाळंतिणीच्या खोलीत लावायचा शीर हामाअलोतचा कागद, म्हणजे १२१ वं स्तोत्र, अजून मिळतो.

पण आमच्याकडे एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, मात्र सगळीकडे. नवस फेडायचा, लग्न ठरलं, मूल झालं, मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकांची आणि घोड्याच्या टापांची खूण दाखवतात. आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा बेशुद्ध पडलेल्यांना त्यानेच जागं केलं असं मानतो. सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची असतेच, ती तर सगळ्याच ज्यूंत. माझा प्रश्न: मुलाच्या रक्षणाला तोच का?

ओलीमाती

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. याचं उत्तर लिलिथच्या गोष्टीतच आहे.

ज्यू ताइतांवर शतकानुशतकं एक छोटा संवाद लिहिला जातो. एलियाहू वाटेने चाललेला असतो, समोरून लिलिथ आपली टोळी घेऊन येते. तो विचारतो, कुठे निघालीस? ती म्हणते, अमक्या बाळंतिणीकडे, तिला मरणाची झोप द्यायला आणि तिचं मूल न्यायला. तो देवाच्या नावाने तिला बांधतो. ती गयावया करते, मला सोड, मी शपथ घेते. माझी नावं तुला सांगते, ती जिथे लिहिलेली दिसतील तिथे माझी सत्ता चालणार नाही. मग ती एकेक नाव सांगत जाते आणि ताईत म्हणजे नेमकी ती यादी. ज्याने तिला वाटेत अडवलं, तोच आठव्या दिवशी मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर हजर असतो.

हा संवाद ज्यूंपुरता राहिला नाही. ग्रीक ख्रिश्चनांकडे संत सिसिनियोस गिल्लूला अडवतो. इथियोपियात सुसेन्योस घोड्यावरून वेर्झेल्याचा पाठलाग करतो, ती त्याची बहीण असते आणि तिने त्याचं मूल मारलेलं असतं. चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांवर ते चित्र काढून बायका अंगावर बाळगत. अरब जगात सुलेमान आणि उम्म अस्-सिब्यान, सात करार. संतांची नावं बदलतात, ती बाई तीच, आणि वाटेतली ती विचारपूसही तीच.

युरोपात छापखाना आल्यावर ताईत कागदावर आले. १७०१ साली आम्स्टरडॅमला छापलेल्या 'सेफेर राझिएल'मध्ये त्या तीन देवदूतांची चित्रं आहेत, पक्ष्यांसारखी, अगदी साध्या रेघांची. जर्मनी, आल्सेस, पोलंडमध्ये बाळंतिणीच्या खोलीत कागद लावत: आदम आणि हव्वा आत, लिलिथ बाहेर. सुंतेच्या आदल्या रात्री जागरण. मुलांच्या पाठशाळेतली पोरं संध्याकाळी येऊन पाळण्यापाशी शेमा ही प्रार्थना म्हणत आणि त्यांना खाऊ मिळे. मला हे फार हृद्य वाटतं. भीतीच्या खोलीत आठवडाभर रोज लहान मुलांचा गलका.

तळटीप

जागरण म्हटल्यावर सटवाई आठवणारच. पाचवी-सहावीला पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा जळता ठेवायचा. सटवाई येते आणि कपाळी लिहून जाते.

ओलीमाती

साम्य आहे, पण मला फरक जास्त बोलका वाटतो. सटवाईसाठी कागद कोरा ठेवतात, लिहिणार ती. लिलिथसाठीचा कागद माणसाने आधीच भरलेला असतो. शिवाय सटवाई पूजेची धनीण आहे. लिलिथला कुणी नैवेद्य दाखवत नाही. त्या दोघींना एका माळेत ओवायची घाई करू नये असं मला वाटतं.

कुतूहल

लिलिथखेरीज आणखी कोण?

ओलीमाती

माझी आवडती अग्रत बत माहलत. तालमूदमध्ये (पेसाखिम ११२ब) सांगितलंय की बुधवारच्या आणि शब्बाथच्या (शनिवारच्या) रात्री एकट्याने बाहेर पडू नये, कारण अग्रत १,८०,००० विध्वंसक दूत घेऊन फिरते आणि त्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे इजा करायची मुभा आहे. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे आपल्या हिशेबाने मंगळवारची आणि शुक्रवारची रात्र. पूर्वी ती रोज फिरायची. एकदा तिला रब्बी हनिना बेन दोसा भेटले. ती म्हणाली, हनिनाच्या आणि त्याच्या तोराच्या (धर्मशास्त्राच्या) वाटेला जाऊ नका अशी स्वर्गात दवंडी पिटली आहे, नाहीतर तुझी धडगत नव्हती. ते म्हणाले, स्वर्गात माझी एवढी पत असेल, तर माणसांच्या वस्तीतून कधीही जायचं नाही, असा माझा हुकूम. ती म्हणाली, थोडी तरी जागा ठेव. त्यांनी दोन रात्री ठेवल्या. पुढे अबाये नावाच्या पंडितांनी तिला वस्तीतून पुरतं हद्दपार केलं.

थोडी जागा ठेव म्हणणारी पिशाच्चराणी आणि ते ऐकणारा रब्बी, यात मला ती सगळी परंपरा दिसते.

नामा ही आणखी एक. उत्पत्तीत ती तुबल-काइनची बहीण, एका ओळीत येते. तेराव्या शतकात स्पेनमधल्या कास्तिलमध्ये लिहिल्या गेलेल्या 'झोहर' या गूढवादी ग्रंथामध्ये ती भुतांची आई होते. त्याच काळात, त्याच प्रदेशात इसाक हा-कोहेन यांनी लिलिथला सामाएलची, म्हणजे दुष्ट शक्तींच्या अधिपतीची, राणी केलं. बाळंतिणीच्या खोलीतली चोरटी बाई तिथे विश्वाच्या डाव्या बाजूची सम्राज्ञी बनते. हा काबालाचा, म्हणजे ज्यू गूढवादाचा, भाग प्रचंड आहे आणि मला तो तितकासा जवळचा वाटत नाही. तिथे आई आणि मूल दोघंही दिसेनाशी होतात.

उत्खनन

मध्ययुगीन जर्मनीतल्या एस्त्री राहिल्या. ऱ्हाइनकाठच्या पंथीयांच्या 'सेफेर हसिदीम'मध्ये, ज्याचा मोठा भाग रेगेन्सबुर्गच्या यहुदा हसीदांचा (मृत्यू १२१७), या बायका येतात. रक्त पितात, केस मोकळे सोडले तरच उडू शकतात. कुणी त्यांना जखमी केलं, तर त्याच्याच घरची भाकर आणि मीठ खाल्ल्याशिवाय त्या वाचत नाहीत. मेल्यावर तोंड उघडं राहिलं तर वर्षभर धोका, म्हणून तोंडात माती भरत. ही कल्पना आजूबाजूच्या फ्रेंच-जर्मन लोककथांतून आलेली, नावही जुनं फ्रेंच. राक्षशिणी शेजाऱ्यांकडूनही येतात.

ओलीमाती

भाकर-मिठाची भर उत्तम. जिने रक्त प्यायलं तिला जगायला पुन्हा त्याच घरचं अन्न लागतं.

धागा उतरायच्या आत पोझ्नानचा खटला सांगते, कारण कायद्याचा मुद्दा इथे अक्षरशः कोर्टात जातो. झ्वी हिर्श कोइदानोवर यांच्या 'काव हा-याशार' (१७०५) या नीतिग्रंथात तो आहे. घटना १६८१-८२ च्या सुमारासची सांगितली आहे. पोझ्नान शहरातल्या मुख्य रस्त्यावरचं एक दगडी घर, त्याचं तळघर कायम बंद. एक तरुण आत शिरतो आणि उंबऱ्यात मेलेला सापडतो. मग उपद्रव वरच्या खोल्यांत सुरू होतो, स्वयंपाकात राख पडते, भांडी उलटतात. स्थानिक उपाय थकल्यावर झामोश्चहून रब्बी योएल बाल शेम यांना बोलावतात. ते पिशाच्चांना विचारतात, इथे काय काम? उत्तर येतं, घर आमचं आहे, आम्ही न्यायासनापुढे यायला तयार आहोत.

खटला उभा राहतो. न्यायाधीशांना आवाज ऐकू येतो, दिसत कुणी नाही. बाजू अशी: या घराचा जुना मालक सोनार होता. त्याचा एका पिशाच्चिणीशी गुप्त संसार होता, तिच्यापासून मुलं होती. वल्हांडणाच्या रात्री सेदेर, म्हणजे सणाचं विधीचं जेवण, अर्धवट टाकून तो उठून गेला, बायको मागोमाग गेली आणि तिने फटीतून सोन्यारुप्याने सजलेली खोली आणि ती बाई पाहिली. दुसऱ्या दिवशी ती रब्बींकडे गेली, ताईत आणला, संबंध तुटला. सोनार मरायला टेकला तेव्हा पिशाच्चीण रडत आली: माझ्या मुलांना काहीतरी दे. त्याने तळघर दिलं. पुढे लढायांच्या धामधुमीत त्याचे मानवी वारस संपले. मग ही मुलं म्हणतात, आता वारस आम्हीच, सगळं घर आमचं.

निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पिशाच्चांना माणसांच्या वस्तीत वाटा नाही, त्यांची जागा रानात आणि वाळवंटात. योएल बाल शेमनी शपथा घालून त्यांना तळघरातूनही बाहेर काढलं.

रानजाई

आणि त्या आईची बाजू? तिने मरणाऱ्या माणसाकडून मुलांसाठी मागून घेतलं, त्याने स्वखुशीने दिलं. ते तळघर तरी त्यांचं नव्हतं का?

ओलीमाती

कोर्टाने दानाचा प्रश्न वेगळा तपासलेला दिसत नाही. वारसा माणसाच्या संततीचा असतो, ही मुलं माणसात मोडत नाहीत, इथेच सगळं संपलं. आई सुनावणीत नाहीच. तिचं रडणं ग्रंथात आहे ते फक्त सोनाराच्या मरणाच्या प्रसंगात, आणि कोइदानोवर यांनी ती गोष्ट पुरुषांना मोहापासून सावध करण्यासाठी सांगितली आहे. तरी ते रडणं त्यांनी गाळलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुमचा तळघराचा मुद्दा मला बरोबर वाटतो. हनिना बेन दोसांनी अग्रतला दोन रात्री ठेवल्या होत्या. पोझ्नानच्या न्यायाधीशांना तेवढी जागा ठेवता आली असती.